रविवारच्या बोटीने जाणाऱ्या पाहुणीस

७ मे
सात नंबर, स्कारवाय बेट

श्रीमती टेनंट यांस,

आपलं चौकशीचं पत्र मिळालं. उत्तराला नऊ दिवस उशीर झाला. त्याचं कारण गंभीर आहे आणि ते कुठेतरी नोंदलं गेलंच पाहिजे, म्हणून आधी तेच लिहिते.

अभिप्रायाच्या वहीचं पेन चोरीला गेलं. या मोसमातलं हे सहावं. मागच्या वर्षी एकूण सतरा गेली. सुरुवातीला मी पेनाला सुतळी बांधली, ती कापून नेली. मग जाळ्याची दोरी बांधली, तिची गाठ कोणीतरी नीट सोडवून नेली, म्हणजे तो चोर निदान दर्यावर्दी तरी होता. या खेपेला पेन, दोरी आणि दोरी ज्याला बांधली होती तो खिळा, असं सगळंच गेलं. वहीत मात्र जाण्यापूर्वी त्याच पेनाने लिहून ठेवलंय, "अगदी आपल्या घरी आल्यासारखं वाटलं." वाटणारच. घरात माणूस असंच वागतो. आता दुकानात नवी पेनं येणार ती पुढच्या बोटीने, आणि बोट येणार ती वाऱ्याची मर्जी लागली तर. तेव्हा हे पत्र पेन्सिलीत आहे, ते गोड मानून घ्यावं.

आता आपले प्रश्न. तीन ते नऊ जून घर मोकळं आहे. संकेतस्थळावर त्याचं नाव 'चंडोल कुटी' असं दिसेल. ते नाव ग्लासगोच्या एका मुलीने ठेवलं, तिने ना चंडोल पाहिला ना कुटी. इथे त्याला सात नंबर म्हणतात. मी मागच्या गोठ्यात राहते. गोठ्याला आता खिडकी आणि शेगडी आहे. आधी तिथे राहणाऱ्या गाईने कधी तक्रार केली नाही, मीही करत नाही.

"आसपास एका दिवसात जाऊन येण्याजोगं काय आहे?" असं आपण विचारता. पुष्कळ आहे. सील दाखवणारी बोट आहे, जुन्या घराचं संग्रहालय आहे, ओहोटीला चालत जाता येईल असं प्रार्थनाघराचं बेटुकलं आहे, दीपगृह आहे, चार मैलांची पांढरी पुळण आहे. पावसाळी दिवशी काय करावं असंही लोक विचारतात. त्यांना मी सांगते, वर लिहिलेलंच सगळं, फक्त ओलं.

तिसरा प्रश्न आपण असा विचारलात: "वरच्या खोलीतली छपराची खिडकी अजून गळते का?"

इश्बेल, जी बाई इथे जन्मात पहिल्यांदा येणार आहे ती "अजून" कशी विचारेल? शिवाय आजकाल कागदावर चौकशी करणारं माणूस एकतर नव्वदीचं असतं नाहीतर माझी बहीण. नवऱ्याचं आडनाव आणि हॅलिफॅक्सचा पत्ता लावलास म्हणून तुझं अक्षर कॅनडाचं होत नाही.

बारा वर्षांत एक ओळ नाही, आणि आता सहा रात्रींचं आरक्षण. तुला श्रीमती टेनंट म्हणून यायचं असेल तर तशी ये. चावी देईन, टॉवेल देईन, माहितीची फाईल देईन. त्या फाईलीत नसलेली एक गोष्टही द्यायची आहे. आई गेली त्याच्या आदल्या रविवारची. ती तू जाण्यापूर्वी सांगेन. सांगायला मी कचरेन हे तुला ठाऊक आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

खिडकी गळते.

डोलिना


१९ मे

इश्बेल,

आरक्षण पक्कं केल्याचं "श्रीमती आय. टेनंट" यांचं दोन ओळींचं पत्र आलं. माझ्या पत्रातल्या कशाचाच त्यात उल्लेख नाही. आईला तुझं हेच कौतुक होतं, की इश्बेल उगाच बोलत नाही. मी बोलायचे, म्हणून माझं कोणी ऐकायचं नाही.

तू परतीची बोट रविवारची घेतलीस. रविवारची बोट सुरू होऊन तीनच वर्षं झाली. पहिल्या दिवशी धक्क्यावर चाळीस माणसं प्रार्थना म्हणत उभी होती आणि बोटीत अकरा माणसं खाली मान घालून बसली होती. आता कोणी प्रार्थना म्हणत नाही, पण सात नंबरातून रविवारी कोणी निघालेलं नाही. पाहुण्यांना मी शनिवारीच काढते. फाईलीत पहिल्याच पानावर लिहिलंय: रविवार देवाच्या विश्रांतीचा, त्या दिवशी बेटावर काम करत नाहीत; दोरीवर कपडे घालू नयेत, गवत कापू नये, मोठ्याने हसू नये. तिसरं मी माझं घातलंय, पण अजून कोणाला शंका आली नाही.

तू मुद्दाम रविवार निवडलास हे मला समजतं. न समजल्यासारखं करणं मला जड नाही. बारा वर्षं तेच केलंय.

थकले आहे गं. कामाने नव्हे. काम म्हणजे काय, पलंग सहा, उशा बारा, मोरीतले केस अगणित. परवा एका बाईने विचारलं, समुद्र किती वाजता परत येतो? म्हटलं, गेला की विचारून ठेवते. हा थकवा त्याचा नाही. दर शनिवारी एका कुटुंबाला "पुन्हा या" म्हणायचं आणि ते पुन्हा येतील की काय या भीतीने दार लावायचं, त्याचा आहे.

ये. टॉवेल तीन ठेवते. पाहुण्यांना दोनच मिळतात.

डोलिना


३ जून, सोमवार

श्रीमती टेनंट यांस,
किटलीखाली ठेवलं आहे, म्हणजे चहा करताना सापडेल.

दारात काय बोललो ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे आपण दोघीही नाकबूल करू.

मी म्हटलं, "प्रवास बरा झाला ना?"

तू म्हणालीस, "उत्तम. फारच सुंदर बेट आहे तुमचं."

"आमचं कसलं, वाऱ्याचं. चहा टाकू?"

"नको, त्रास नको. बोटीवर घेतला."

"बोटीवरचा चहा घेऊन उभ्या आहात म्हणजे तब्येत दणकट दिसते."

तुझं तोंड हलायला लागलं होतं. हसणार होतीस. मग "चावी?" म्हणालीस आणि हात पुढे केलास. तुझ्या हाताला आईसारख्या शिरा आल्यात.

मी पायऱ्या उतरत होते तर कुंपणावरून केनी जॉनने हाक मारली. शेजारचा केनी जॉन आठवतोय ना? आता चर्चच्या पंचांतला वडीलधारी झालाय, सत्तरी उलटली, पण कान बाविशीतले.

"डोलिना, नवी पाहुणी?"

"हो. श्रीमती टेनंट. कॅनडाच्या."

"चालताना हात पाठीमागे बांधतात वाटतं."

"बांधत असतील."

"तुझा बाप बांधायचा." आणि मग, आत जाता जाता, "श्रीमती टेनंटना माझा नमस्कार सांग. म्हणावं, पोटमाळ्यावर वाकून जा, तुळई लागते. लहानपणी..." इथे तो थांबला, खोकला आणि म्हणाला, "लहानपणी कोणालाही लागली असती."

तेव्हा सगळ्या बेटाला ठाऊक आहे, आणि सगळं बेट तुला श्रीमती टेनंटच म्हणणार आहे. आपल्या लोकांइतकी सभ्य माणसं जगात नाहीत. तोंडावर काही बोलणार नाहीत आणि पाठीमागे काही सोडणार नाहीत.

उद्या सीलची बोट दहाला सुटते. लोकरी टोपी घाल.

डोलिना


५ जून, बुधवार

इश्बेल,

टॉवेल बदलायला आले होते. तू नव्हतीस. अभिप्रायाची वही उघडी होती. मंगळवारच्या खाली लिहिलंयस, "सील पाहिले. चौदा. त्यांनीही मला पाहिलं. आय. टेनंट." पेन कुठून आणलंस?

संग्रहालयाची हकीकत मला मुर्डिनाकडून कळली. मुर्डिना टपालाची गाडी चालवते, पर्यटकांची बसही चालवते, आणि दोन्हींतून जे जे सांडतं ते माझ्याकडे आणते.

"तुझी पाहुणी चुलीपाशी उभी राहिली," ती म्हणाली. "ती संग्रहालयातली पोरगी सांगत होती की ही लोणी काढायची रवी दोनशे वर्षांची आहे."

"मग?"

"श्रीमती टेनंट म्हणाल्या, 'चाळीस वर्षांची आहे. दांडा माझ्या बहिणीने मोडला, म्हणून तो वेगळ्या लाकडाचा आहे.'"

"असं म्हणाली?"

"आणि मग म्हणाल्या, 'असं मी ऐकलंय.' पोरीने लिहून घेतलं बिचारीने."

दांडा मी मोडला नव्हता. तू मोडलास, रवीवर घोडा घोडा खेळताना. मार मी खाल्ला, कारण मोठी मी. संग्रहालयात तरी खरं सांगावं माणसाने.

आज मी ठरवून बसले होते की त्या रविवारचं लिहायचं. शेगडी पेटवली, टेबल पुसलं, पेन्सिलीला टोक केलं. मग घरातल्या दुसऱ्या स्नानघराची तोटी ठिबकतेय असं आठवलं. दुरुस्त करून आले तोवर साडेपाच. उद्या.

उद्या प्रार्थनाघराच्या बेटुकल्यावर जाणार असशील तर ओहोटी पावणेबाराला. तुला सांगायला नको. पाहुण्यांना सांगावं लागतं म्हणून सांगते.

डोलिना


६ जून, गुरुवार

इश्बेल,

मुर्डिना हसून हसून गाडीला टेकली होती. म्हणाली, "तुझी कॅनडाची बाई! दोन जर्मन खडपावर चढून फोटो काढत होते, आणि पाणी मागून यायला लागलेलं. मी इकडून ओरडतेय, वाऱ्यात काय ऐकू जातंय! तर ह्या श्रीमती टेनंट गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि आपल्या भाषेत अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या घातल्या, की जर्मनांना अर्थ कळला नाही पण घाई कळली. पळत आले."

"कोणत्या शिव्या?"

"तुझी आजी मेंढरांना घालायची त्या."

मला त्या वाटेवरचं दुसरंच आठवलं. तू सात वर्षांची, मी बारा. तू शिंपले वेचत मागे राहिलीस, आणि मी तुला पाठीवर घेऊन पाण्यातून आणलं. किनाऱ्याला लागल्यावर आईने तुला शालीखाली घेतलं आणि मला म्हणाली, "तुझ्या भरवशावर सोडलं होतं तिला." त्यानंतर आयुष्यभर मला वाटत आलं, की आई रोज तेच वाक्य म्हणते आहे आणि मी रोज कोणालातरी पाण्यातून उचलून आणते आहे. अकरा वर्षं तिला उचललं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. उचलताना ती माझ्या कानाशी म्हणायची, "इश्बेलचे हात गरम असतात."

तू दर महिन्याला ग्लासगोहून यायचीस, दोन रात्री राहायचीस, हात गरम ठेवायचीस आणि जायचीस. आणि आई खडकावर जाऊन चादर हलवायची. चालता येईनासं झालं तेव्हा मला पाठवायची. नियम तुला सांगायला नको. आपल्या घरातलं माणूस बोटीने निघालं की खडकावरून पांढरी चादर हलवायची, ती बोट बेटाच्या टोकापलीकडे जाईपर्यंत, आणि चादर दिसतेय तोवर जाणाऱ्याने कठडा सोडून आत जायचं नाही. आई घरी खिडकीतून माझ्यावर लक्ष ठेवायची. परत आले की म्हणायची, "उजवा हात दमला होता का? खाली आलेला दिसला."

शेवटच्या वेळी, अंत्यविधी करून तू निघालीस, तेव्हा मी गेले नाही. गोठ्यात बसून राहिले. बोटीचा भोंगा ऐकला. तू किती वेळ कठड्याशी उभी होतीस ते मला माहीत नाही. बारा वर्षांत मी याचा हिशोब अनेकदा केला आणि तो दर वेळी टोकापर्यंतच येतो.

पाऊस लागलाय. तुझ्या खोलीत खिडकीखाली बादली ठेवली आहे.

डोलिना


८ जून, शनिवार

इश्बेल,

दुपारचे तीन वाजलेत. उद्याचे बटाटे सोलून पाण्यात टाकले, सूप करून ठेवलं, बूट पुसले. रविवारची सगळी तयारी झाली. आता सबब उरली नाही.

काल तू पुळणीवरून चालत दफनभूमीच्या फाटकापर्यंत गेलीस आणि परत आलीस. मी केनी जॉनच्या मेंढ्या बघण्याच्या निमित्ताने टेकाडावर होते. वहीत लिहिलंस, "पुळण लांब आहे. वारा समोरून." आज सकाळी पुन्हा गेलीस आणि फाटक उघडून आत गेलीस. वहीत काही लिहिलं नाहीस. माहितीच्या फाईलीत ती जागा नाही. ती पाहायची जागा आहे असं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

ऐक आता.

त्या रविवारी सकाळी सातला आईचा श्वास बदलला. मला लगेच कळलं. अकरा वर्षं ऐकलेला श्वास होता. तुला तेव्हा फोन केला असता तर रात्रीच्या बसने तू बंदराला पोचली असतीस, आणि सोमवारची सकाळची बोट तुला इथे बाराला सोडती. आई सोमवारी दुपारी चारला गेली. चार तास मिळाले असते. मी तुला फोन सोमवारी सकाळी सातला केला. मंगळवारी तू आलीस, आणि "परवाच का नाही कळवलंस?" म्हणालीस. मी म्हटलं, "रविवार होता."

पाद्रीबुवांनी मान डोलवली. सगळ्यांनी मान डोलवली. तू एकटीने नाही. तू भर शेजाऱ्यांत म्हणालीस, "केनी जॉनची गाय आजारी पडली तर रविवारी गुरांचा डॉक्टर येतो. अडीअडचण आणि दया यांना रविवारही सूट देतो. आई गाईपेक्षा कमी होती का?" आणि केनी जॉनने मान खाली घातली, कारण गाय खरंच आजारी पडली होती आणि डॉक्टर खरंच आला होता.

तू बरोबर होतीस. त्याहून वाईट आहे ते आता लिहिते. त्या रविवारी मी तीन फोन केले. एक नर्सबाईंना. एक पाद्रीबुवांच्या घरी, की आज मला चर्चला येता येणार नाही. एक केनी जॉनला, की पलंग खिडकीशी सरकवायला ये. तो आला, सरकवला आणि गेला. तिन्ही वेळा फोन उचलताना मला रविवार आठवला नाही. चौथा करायला बोट दुखत नव्हतं.

मला तो दिवस माझा हवा होता. एवढंच. अकरा वर्षांत आई कधी माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या मागे दारात तू आलीस का ते पाहायची. मला वाटलं, शेवटचा एक दिवस तरी दारात कोणी नसावं.

पण झालं काय, दहा वाजता ती शुद्धीवर आली आणि म्हणाली, "इश्बेल निघाली का?" आणि मी म्हटलं, "निघाली."

मी तिला सांगितलं की तू वाटेवर आहेस. दुपारी म्हटलं, बसमध्ये बसलीस. सोमवारी सकाळी म्हटलं, बोटीवर चढलीस. ती उशीवरून बंदराकडे बघत राहिली. बोट आली, ती तिला दिसली. खरी बोट, तुझ्याशिवायची. म्हणाली, "निळा कोट घातलाय बघ." कोण होतं देव जाणे. मी म्हटलं, "हो, निळाच." मग म्हणाली, "कोपऱ्यात नाव भरलेली चांगली चादर काढून ठेव, ती परत जाईल तेव्हा लागेल." तुझ्या येण्याआधीच तिला तुझ्या जाण्याची तयारी! मी कपाटातून काढली, तिच्या पायाशी ठेवली. चारला गेली. तोंडावर त्रास नव्हता. तू दाराच्या पायऱ्या चढतेयस अशा समजुतीत गेली.

म्हणजे बघ, मी तुझे चार तास चोरले आणि तिला ते खोटेच वाटून टाकले. तिचं भलं केलं की काय केलं, ते मला बारा वर्षांत ठरवता आलेलं नाही. तुझं मात्र वाईट केलं, त्यात शंका नाही. आणि तो दिवस माझा झालाच नाही. सबंध दिवस आम्ही तुझ्याबद्दलच बोललो.

क्षमा माग असं तू म्हणालीस तर मागेन. पण तुला माहीत आहे, आपल्या घरात क्षमा कोणी मागत नाही, सूप आणून ठेवतात. ओट्यावर ठेवलंय. नुसत्या बार्लीचं नाही, मटणाचं.

उद्या बोट एक वाजता. मी चर्चला असेन. चावी दारालाच राहू दे.

डोलिना


११ जून, मंगळवार
सात नंबर

इश्बेल,

हे पत्र तुझ्या आधी हॅलिफॅक्सला पोचणार नाही, त्यामुळे तुला घाई नाही.

रविवारी प्रवचन लांबलं. पाद्रीबुवा बायबलातल्या योनाला गिळणाऱ्या माशाच्या पोटात शिरले आणि बाहेर येईनात. पावणेएकला मी उठले. प्रवचन चालू असताना चर्चमधून उठून जाणारी मी बेटावरची पहिली बाई नसेन, पण पहिली जिला प्रसूतीच्या कळा नव्हत्या. केनी जॉन माझ्याकडे बघत होता. बघू दे.

घर झाडून गेली होतीस. पाहुणे झाडत नाहीत. सुपाचं भांडं धुऊन पालथं. आणि खालच्या खोलीतली खुर्ची खिडकीशी, आईचा पलंग होता तिथे, बंदराकडे तोंड करून. तुझ्या बुडाचा खळगा होता गादीत. बराच वेळ बसली असशील.

वही उघडी होती.

"इथून बोट नीट दिसते. सगळं पाहून झालं. इश्बेल, सात नंबर."

खाली पेन होतं. जाळ्याच्या दोरीने टेबलाच्या पायाला बांधलेलं, बाबांच्या गाठीने, जी ओढली की आणखी आवळते. आता कोण नेतो ते बघते.

चांगली चादर कपाटात खालच्या फळीवर होती. बारा वर्षं तिची घडी मोडली नव्हती. घडीच्या रेषा पिवळ्या पडल्यात. मी तशीच निघाले, चर्चच्या काळ्या कोटात, डोक्यावर टोपी, चांगल्या बुटांनी चिखलातून. खडकावर पोचले तेव्हा बोट खाडीच्या मधोमध होती. चादर उलगडली तर वाऱ्याने शिडासारखी भरली आणि मला एक पाऊल पुढे नेलं. आणखी एक नेलं असतं तर श्रीमती टेनंटना दुसऱ्या अंत्यविधीला यावं लागलं असतं.

तेवढ्यात चर्च सुटलं. सगळे रस्त्यावर आले. रविवारी, भर दुपारी, सात नंबरची डोलिना खडकावर उभी राहून कापड फडकावते आहे, हे साठ माणसांनी पाहिलं.

बोटीच्या मागच्या कठड्याशी निळा कोट होता. तो तुझाच, या वेळी मला खात्री आहे. हात हलवला नाहीस. मीही अपेक्षा केली नव्हती. पण आत गेली नाहीस. पाऊस तिरपा आला, बाकीचे सगळे आत पळाले, आणि निळा कोट टोकापर्यंत तिथेच होता. टोकापलीकडे गेलात तेव्हा मी चादर खाली घेतली. उजवा हात दमला होता. खाली आणला नव्हता.

चादर पावसाने आणि लाटांच्या तुषारांनी चिंब झाली होती. तशी ओली घडी करून ठेवली तर बुरशी धरते. म्हणून पाऊस थांबल्यावर मागच्या अंगणात दोरीवर घातली. रविवारी.

केनी जॉन कुंपणाशी आला. काळा कोट, हातात बायबल. बराच वेळ चादरीकडे बघत राहिला. मी म्हटलं, बोल बाबा एकदाचं.

तो म्हणाला, "दोनच चिमटे लावलेस."

"मग?"

"वारा वाढणार आहे. चार लाव. उडून माझ्या अंगणात पडली तर मला उचलता यायची नाही. आज रविवार आहे."

आणि आत गेला. मी चार लावले.

डोलिना